चांदीचे नवे टाक

टाक नवे कोरे होते. इतके, की खंडोबाच्या घोड्याच्या कानाचं टोक बोटाला बोचलं. अक्कांनी ते तांदूळ आणि नारळासकट माझ्या ओटीत घातले आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

"दोन तासांचा संसार, द्वारके. भातुकली मांडतात तसा. साहेबाची पाठ फिरली की परत आणून दे बाई, नाहीतर म्हणशील माझेच."

मला हसू आलं नाही. ओटी धरून मी तशीच उभी राहिले. एक भवानीचा टाक, एक खंडोबाचा. दोन्ही हाताच्या तळव्यात मावतील एवढे, पण चांदी चांगली जाड.

"अक्का, हे केव्हा केले?"

"मला कुठं ठाऊक. काल संध्याकाळी सोनाराकडून पुडी घेऊन आले. म्हणाले, साहेबाच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. त्यांचं असंच. नाटकातला राजा व्हायचं तरी मुकुट खऱ्या जरीचा."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आणि हे बोलणं चाललं होतं त्यांच्या यजमानांबद्दल. त्यांना घरात, गल्लीत, बाजारात सगळे अण्णाच म्हणत. आमचं आडनाव शेटे, पण तालुक्यात आम्हाला ओळखत ते गाठीवाले म्हणून. पाडव्याला गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठी, जत्रेतले बत्तासे, साखरफुटाणे. पुढं अंगण, अंगणापलीकडं पत्र्याचा कारखाना, अलीकडं घर आणि अंगणाच्या मागच्या कडेला एक खोली, जिच्यात तोवर रिकामी पोती असत. अण्णा विक्री बघत, गावोगावचे दुकानदार सांभाळत. कढईवर माझे यजमान. पाकाची तार दोन बोटांत धरून ते नुसतं "हं" म्हणाले की गडी कढई उतरवत. त्यांचं नाव रघुनाथ. या वयात लिहायला हरकत नाही.

फाल्गुन होता. होळी होऊन गेली होती, पाडवा तोंडावर आला होता आणि अंगणात उभं राहिलं तरी केसांना पाकाचा वास लागत होता.

त्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी अण्णांनी दोघा भावांची ताटं वाढली असताना विषय काढला होता. आमच्यासारख्या मागास तालुक्यात लहान कारखाना काढणाऱ्याला सरकार काही वर्षं विक्रीकर माफ करी. ती माफी आम्हाला मिळालेली होती, दोघा भावांच्या नावावर. तिच्या जोरावर आमची गाठी शहरच्या मालापेक्षा स्वस्त पडे आणि खपे. अण्णा म्हणाले, आता आपली विक्री ठरलेल्या मर्यादेच्या वर चालली आहे, म्हणजे आपण लहान राहिलो नाही आणि माफी जाणार. माफी गेली की गाठी महाग, आणि गाठी महाग झाली की कढया पालथ्या घालून बसायचं. यावर उपाय एकच. एका कारखान्याचे दोन करायचे. दोघं भाऊ वेगळे झाले असं दाखवायचं. दोन्ही कारखाने लहान, दोघांना दोन माफ्या.

हे म्हणाले, "दाखवायचं म्हणजे?"

"म्हणजे दाखवायचं. वेगळं कोण होतंय? एका छपराखालचे भाऊ सरकार एकच धरतं. म्हणून मागच्या खोलीत तुझी चूल मांडायची, कारखान्यात मधून गोणपाटाचा पडदा सोडायचा. साहेब येतील, बघतील, जातील."

ह्यांनी मान डोलावली आणि भात कालवला. ह्यांचा स्वभावच तसा. अण्णांनी पुढं केलेल्या कागदांवर ह्यांनी भट्टीपाशीच उभ्या उभ्या सही केली होती. कागदाला पाकाचं बोट लागलं म्हणून अण्णा रागावले, तेवढंच काय ते त्या कागदांबद्दल माझ्या कानावर आलं.

चुलीचं मला काही वाटलं नाही. चूल काय, मातीची. पण त्या सकाळी अण्णांनी अक्कांच्या हाती टाक पाठवले आणि मी अडले.

आमच्याकडं एकत्र घराचा देव्हारा एकच. सुना येतात त्या माहेरून आपापली अन्नपूर्णा घेऊन येतात, आणि ती सासरच्या देव्हाऱ्यात, वाटीतल्या तांदळांवर बसते. आमच्याही देव्हाऱ्यात अक्कांची अन्नपूर्णा आणि माझी अन्नपूर्णा शेजारी शेजारी होत्या. कुळाचे टाक मात्र एकच, घराण्याचे. भाऊ वेगळे झाले म्हणजेच देव वेगळे होतात. थोरला जुने टाक ठेवून घेतो, धाकटा नवे करून घेतो, जुन्या टाकांना भेटवून आपल्या घरी नेतो. तिथून पुढं नवरात्राचा घट वेगळा, चंपाषष्ठीची तळी वेगळी. शेत वाटलं तर पुन्हा एक करता येतं, देव वाटले की झाले.

मी अक्कांना म्हटलं, "देव मांडायचे आणि उचलायचे, असं कसं करायचं?"

"अगं, मांडायचे कुठं? ठेवायचे नुसते."

"रिकाम्या पोटी?"

माझा नेम अक्कांना माहीत होता. देवाला नैवेद्य झाल्याखेरीज मी पाण्याचा घोट घेत नसे. लग्न होऊन आले त्या वर्षापासूनचा नेम. तापात सुद्धा मोडला नव्हता. अक्का त्यावरून मला चिडवत, आणि माझ्या आधी कुणी जेवायला बसलं तर त्याच्यावर डोळेही वटारत.

"तुझ्या मनाला पटेल तसं कर," त्या म्हणाल्या. "पण लवकर कर. आणि हो, आता तू वेगळी झालीस, मीठ उसनं मागायला आलीस तर वाटी मोजून परत घेईन." पुन्हा पदर तोंडाला.

मी ह्यांना विचारायला कारखान्यात गेले. गोणपाटाचा पडदा सोडून झाला होता. अलीकडं बत्ताशांची भट्टी, पलीकडं गाठीचे लाकडी साचे पाण्यात भिजत घातलेले. पडद्याच्या फटीतून गडी एकमेकांना "ओ पलीकडचे शेजारी" म्हणून हाका मारत होते. ह्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अण्णांनी सांगितलंय ना? मग तुला देवाचं जसं वाटतं तसं कर. मला त्यातलं काय कळतंय."

परत फिरले तर अंगणात अण्णा उभे. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ते सहसा माझ्याशी थेट बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले.

"द्वारका, साहेब आले की तू समोर ये. देव वेगळे झाले का, असं ते विचारतील, त्याचं तू उत्तर दे. तू खोटं बोलत नाहीस हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी साहेबांनाही तेच सांगून आलोय."

मला वाटलं, मोठेपणा दिला.

मागची खोली मी शेणानं सारवली होती. कोनाड्यात लाल वस्त्र घातलं, तांदळाची रास केली. टाक आमच्या देव्हाऱ्यातल्या जुन्या टाकांना भेटवून आणले. माझी अन्नपूर्णा वाटीसकट उचलून आणली. ती उचलताना अक्कांची अन्नपूर्णा थोडी कलली, ती सरळ केली. मग मला जे सुचलं ते मी केलं. साहेब विचारणार, देव वेगळे झाले का, आणि मला हो म्हणावं लागणार. ते खोटं ठरू नये एवढंच माझ्या मनात. म्हणून समई लावली, तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि म्हटलं, देवा, आजपासून तुमची सेवा वेगळी माझ्याकडं. तुमचा घट मी बसवीन, तुमची तळी माझ्या घरची माणसं भरतील. आणि पाणी सोडलं. कोऱ्या चुलीवर पहिला गूळभात शिजवला, नैवेद्य दाखवला, मगच पाणी प्यायले. जीव हलका झाला. साहेब गेल्यावर टाक परत देव्हाऱ्यात ठेवता येतील, तिथंही सेवा माझ्याच हातची, अशी मी समजूत घातली स्वतःची.

साहेब उन्हं चढल्यावर आले. रणदिवे साहेब. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एस.टी.नं आलेले, निवृत्तीला टेकलेले, हातात कापडी पिशवी. उंबऱ्याशी आपसूक चपला काढल्या. कारखान्यात फार वेळ घालवला नाही. पडदा एका बोटानं बाजूला केला, दोन्हीकडच्या गड्यांकडं बघितलं, आणि पडदा सोडून दिला. मग अण्णा त्यांना घेऊन मागच्या खोलीत आले. मी दाराआड उभी, अक्का माझ्या मागं.

साहेबांनी चुलीकडं वाकून पाहिलं.

"चुलीला काजळी आजचीच दिसते."

"नवी आहे साहेब," अण्णा म्हणाले.

"ते दिसतंय. मी पुष्कळ चुली बघितल्या हो. भाऊ वेगळे झाल्याचं दाखवायला चूल कुणीही मांडतं. एका गावात तर मला बघून घाईघाईनं मांडली, विटा अजून गरम, उन्हातनं उचलून आणलेल्या." ते स्वतःशीच हसले. मग कोनाड्याकडं वळले, आणि हसू गेलं. त्यांनी हात जोडले. जोडल्या हातांनीच विचारलं, "बाई, आपणच द्वारकाबाई?"

"हो."

"तुमच्याबद्दल अण्णांनी सांगितलंय. मी चुलीवर लिहीत नसतो. मला एवढंच सांगा, देव वेगळे झालेत?"

"झालेत," मी म्हटलं. "आज सकाळी."

"जुन्यांना भेटवून आणले?"

"हो."

"नवरात्राचा घट कुठं बसणार?"

"इथं."

हे म्हणताना माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. मागून अक्कांनी माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला, शाबास अशा अर्थी.

साहेब पुन्हा एकदा नमस्कार करून बाहेर आले. ओट्यावर सतरंजी टाकलेली होती. अक्कांनी कैरीचं पन्हं आणलं. ऊन लागलं होतं त्यांना, पहिला पेला एका दमात संपवला. दुसरा हातात घेऊन ते जरा सैलावले. पिशवीतून चष्मा काढला, पुसला. मी पेले न्यायला थांबले होते. त्यांनी माझ्याकडं बघून, घरचं माणूस विचारतं तसं विचारलं,

"मग आता रघुनाथरावांनी काय करायचं ठरवलंय?"

मला वाटलं ते गाठीबद्दल विचारतात. मी म्हटलं, "गाठी हे करतील, बत्तासे अण्णांकडं राहतील. पडद्याच्या पलीकडचं सगळं ह्यांचं."

साहेबांनी पेला खाली ठेवला.

"पलीकडचं कसं? कारखाना तर थोरल्यांकडं राहिला ना?"

अण्णा म्हणाले, "साहेब, आपण कागद करून घेऊ, बायकांना त्यातलं काय—"

"थांबा हो जरा." ते अजून माझ्याकडंच बघत होते. "बाई, माफीवर दोघा भावांची नावं होती. थोरल्यांनी अर्ज दिलाय की धाकटे वेगळे झाले, त्यांचा वाटा घेऊन बाहेर पडले, आता माफी आणि कारखाना एकट्यांच्या नावावर करा. खाली रघुनाथरावांची संमतीची सही आहे. कागद अजून बोटाला चिकटतो. ते खरंच वेगळे झालेत की नाही, एवढंच बघायला मी आलोय."

मी म्हटलं, "आणि ह्यांची माफी?"

"कसली माफी?"

"दुसऱ्या कारखान्याची. विक्री मर्यादेच्या वर गेली म्हणून दोन करायचे ना."

साहेबांनी अण्णांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फार हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमची विक्री मर्यादेच्या निम्मीही भरत नाही. आणि रघुनाथरावांच्या नावाचा दुसरा अर्ज आमच्याकडं आलेलाच नाही."

पेले माझ्या हातात होते. ते पडले नाहीत. कितीतरी दिवस मला त्याचंच नवल वाटत राहिलं, की पेले पडले नाहीत.

हे केव्हा येऊन अंगणात उभे राहिले मला कळलं नव्हतं. कढईवरून तसेच उठून आले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पाकानं माखलेले, अंगापासून लांब धरलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते साहेबांकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत नव्हते. अण्णांकडं बघत होते, लहान मूल बघतं तसं.

"अण्णा," ते म्हणाले. "हे काय म्हणतायत?"

अण्णा सतरंजीचा दोरा ओढत बसले. सतीशचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाचं कॉलेज त्या वर्षी संपणार होतं. हे मला तेव्हा आठवलं. आणि टाक आठवले. दोन तासांच्या भातुकलीला कुणी जाड चांदीचे टाक करून घेतं का?

अक्का दारात होत्या. त्यांच्या तोंडावरचा पदर खाली आला होता. त्या सारख्या म्हणत होत्या, "अहो. अहो, काहीतरी बोला ना."

साहेबांनी चष्मा घातला, काढला. पेन बाहेर काढलं होतं ते झाकण लावून ठेवलं.

"मी अजून काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "लिहिण्याआधी सांगतो, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको. तुम्ही एकत्रच असाल आणि हे सगळं दाखवायला मांडलेलं असेल, तर अर्ज खोटा. खोट्या अर्जावर माफी राहत नाही. ती मग दोघांचीही जाते. वेगळे असाल, तर थोरल्यांचा अर्ज खरा. मधलं काही माझ्या हातात नाही." मग ते माझ्याकडं वळले. "मघा मी विचारलं तेव्हा तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. म्हणून पुन्हा विचारतो. देव वेगळे झालेत का?"

कारखान्यातून ओला धूर येत होता. "हं" म्हणायला हे नव्हते, पाक लागत होता, आणि तो करपल्याचा वास सगळ्यांना येऊन सुद्धा कुणी तिकडं गेलं नाही.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. 'नाही' म्हटलं असतं तर कढया पालथ्या, गडी घरी. 'हो' म्हटलं तर आम्ही दोघं त्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या जागी. ह्यांच्या हातावरचा पाक वाळून पांढरा होत चालला होता. ते म्हणाले, "तुझ्या नेमात बसेल ते बोल. माझा विचार करू नकोस."

दारातून समई दिसत होती. तेल भरपूर होतं.

"झालेत," मी म्हटलं. "मी पाणी सोडलंय."

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. फार वेळ लागला नाही. जाताना त्यांनी अण्णांनी पुढं केलेली गाठीची पुडी घेतली नाही. मला म्हणाले, "बाई, येतो," आणि ह्यांच्यापुढं थांबून काहीतरी बोलावंसं वाटल्यासारखं करून तसेच एस.टी. स्टँडकडं गेले.

ते फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळे उभे. मग मी आत गेले. काय करतेय मला समजत नव्हतं. लाल वस्त्रासकट टाक ओंजळीत उचलले आणि थोरल्या घराच्या देव्हाऱ्याशी आणले.

अण्णा तिथं उभे होते. त्यांनी देव्हाऱ्याच्या चौकटीवर हात आडवा धरला.

"दिलेले देव परत घेत नसतात, द्वारका. हे तुला मी सांगायला पाहिजे?"

"अण्णा, तुम्ही म्हणाला होता दाखवायचे."

"मी म्हणालो होतो. तू खरे केलेस." ते ओरडले नाहीत. हिशेब समजावून सांगतात तसे बोलले. "पाणी तू सोडलंस. साहेबांपुढं दोनदा हो तू म्हणालीस. माझ्या तोंडून शब्द गेला असता तर त्यांनी धरला नसता, तुझा धरला. खोली दिलीय, भांडी अक्का काढून देईल. देव दिलेत, ते सुद्धा चांदीचे दिलेत. पितळेचे करून दिले असते तर कुणी विचारलं असतं मला?"

माझ्या मागून हे आले होते. त्यांनी माझ्या खांद्याला पाक वाळलेला हात लावला, साखरेचे कण माझ्या पदरावर सांडले. "चल," ते म्हणाले. "देवांना उघड्यावर धरून उभी राहू नकोस."

आम्ही वळलो तेव्हा अक्का पुढं आल्या. त्या इतका वेळ भिंतीला टेकून होत्या. त्यांनी अण्णांचा हात चौकटीवरून बाजूला केला, परक्या माणसाचा करावा तसा. देव्हाऱ्यात हात घातला आणि आपली अन्नपूर्णा उचलली. नुसती मूर्ती. वाटी आणि तांदूळ तिथंच राहिले.

"हे काय करतेस?" अण्णा म्हणाले.

"तिला तिच्या बहिणीपाशी नेते. इतकी वर्षं शेजारी बसल्यात."

"घरातले देव आहेत ते."

"ही नाही," अक्का म्हणाल्या. "ही माझ्या आईनं लग्नात दिलीय. तुमच्या कारखान्यातली नाही, तुमच्या अर्जातली नाही. तुम्हाला जुने टाक ठेवायचे होते ना? ते राहिलेत बघा सगळे."

अण्णा काही बोलायच्या आत त्या अंगण ओलांडून गेल्या. अनवाणी. ऊन इतकं होतं की फरशीवर पाय ठेववत नव्हता, पण त्या सावकाश चालल्या. माझ्या कोनाड्यात त्यांनी मूर्ती ठेवली आणि मग एकदम खाली बसल्या, नव्या चुलीला हात टेकून. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला आणि मला विचारलं, "माझ्या हातानं दिले गं तुला ते टाक. हसत दिले. मला कसं कळलं नाही?"

मी त्यांच्याजवळ बसले. बऱ्याच वेळानं हे कारखान्यात गेले, करपलेली कढई उतरवली, तिच्यात पाणी घातलं आणि परत आले. त्यानंतर ते पडद्याच्या कुठल्याच बाजूला कधी गेले नाहीत.

त्यालाही आता किती वर्षं झाली. मागच्या खोलीतल्या चुलीवर ह्यांनी लहान कढईत फुटाण्यांवर पाक चढवायला सुरुवात केली. आठवडी बाजारापुरता माल. इतका लहान धंदा, की कुणाला माफी मागायचीही गरज पडली नाही. आमचं भागलं. अण्णांची माफी तिची वर्षं भरल्यावर संपली, सतीश शहरात गेला, पत्रे गंजले. ते सगळं ज्याच्या त्याच्या नशिबानं झालं, त्याबद्दल मला बोलायचं नाही.

अक्का अण्णांचं घर सोडून गेल्या नाहीत. कुठं जाणार? स्वयंपाक तिकडंच करत. पण स्वयंपाक झाला की ताटावर रुमाल घालून अंगण ओलांडून इकडं येत, दोन्ही अन्नपूर्णांना नैवेद्य दाखवत, मग ते ताट परत नेत. पावसात डोक्यावर पोतं घेऊन येत. आमच्यात त्या वेळी विशेष बोलणं होत नसे. "मीठ कमी पडलंय बघ आज," एवढंच कधीतरी.

आणि रोज, नैवेद्य होऊन अक्का माघारी येईपर्यंत अण्णा तिकडं पाटावर बसून असत. पुढं ताट नसे. माझ्या दारातून ते दिसत. समोर त्यांचा देव्हारा, त्यात घराण्याचे जुने टाक ओळीनं, आणि कडेला तांदळाची ती वाटी. त्या दिवसानंतर अक्कांनी देव्हारा कितीदा पुसला असेल, वाटीला मात्र कधी हात लावला नाही. तांदूळ पिवळे पडले. मधोमध अन्नपूर्णेच्या बैठकीचा खळगा तसाच होता.